शांतवनच्या जिम्म्याचं वर्ष

शांतवननं ते वर्ष ठरवून मागितलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि पंचांच्या बैठकीत एकदा निघालेला शब्द परत गिळता येत नाही.

नळदुर्गपासून दोन कोसांवर, हमरस्ता सोडून आत वळलं की मिशनचा माळ लागायचा. चौदा घरं, एक पत्र्याचं चर्च, एक विहीर आणि माळाच्या टोकाला बोराटीच्या काटेरी कुंपणातलं कबरस्तान. गोरे साहेब मिशन आवरून गेले तेव्हा बावीस एकर रान त्यांनी मंडळीच्या नावानं सोडलं. पुढं त्याची सामुदायिक शेतीची सोसायटी झाली. नांगरणी एकत्र, खळं एकच. अट एवढीच होती, की ज्याचं नाव मंडळीच्या वहीत, त्याचाच सोसायटीत वाटा. म्हणजे त्या वहीत नाव असलं की रविवारी बाकावर जागा, सुगीला खळ्यावर हिस्सा आणि मेल्यावर कुंपणाच्या आत साडेतीन हात जमीन. नाव गेलं की तिन्ही गेलं.

बाहत्तर सालच्या मृगात ही बैठक झाली. पाळकसाहेब महिन्यातून एकदा सोलापूरहून एसटीनं यायचे. तरुण होते, मनापासून बोलायचे. त्या सकाळी त्यांनी अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगितली. मालक तीन वर्षं फळ शोधत येतो, फळ नाही. म्हणतो, तोडून टाक, उगाच जागा अडवलीय. तेव्हा माळी हात जोडतो, धनी, एवढं एक वर्ष राहू द्या, मी भोवतीनं खणतो, खत घालतो. नाहीच आलं फळ तर मग तोडा.

जेवणं झाली आणि लिंबाच्या झाडाखाली सहा पंच बसले. शलमोन मास्तरांनी वही उघडली. मास्तर वाईट माणूस नव्हता. तीस वर्षं त्यांनी माळावरची पोरं शिकवली होती, आणि पाळक नसेल त्या रविवारी प्रार्थनाही तेच चालवायचे. पण वही स्वच्छ असावी असं त्यांना फार वाटायचं.

"बिभीषण श्रीपती," ते म्हणाले. "चार वर्षं झाली, चर्चची पायरी चढला नाही. दारू पितो. गेल्या पौषात खंडोबाच्या जत्रेत भंडारा लावून नाचला, आपल्याच माणसांनी बघितलंय. सोसायटीच्या कामाला आला तर आला. पाळकसाहेबांनी सकाळी सांगितलंच आहे. झाड जागा अडवून बसलंय."

माना हलल्या. आणि त्या सहांतलाच शांतवन, जो बैठकीत कधी बोलत नसे, म्हणाला, "एक वरीस ऱ्हाऊ द्या त्याला. जिम्मा माझा."

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. सकाळी पेरलेलं दुपारीच उगवलेलं बघून कुठल्या उपदेशकाला बरं वाटणार नाही? त्यांनी स्वतःच वहीत लिहून घेतलं: एक वर्ष, शांतवन यांच्या जिम्म्यावर.

घरी रूथबाईनं ऐकलं तशी तिनं काटवटीतलं पीठ मळायचं थांबवलं. "तुमचा गुडघा तुमचं ऐकत न्हाय," ती म्हणाली, "अन् त्यो बिभीषण ऐकंल व्हय?"

शांतवननं गुडघ्यावरून हात फिरवला. साठी उलटली होती. सोसायटीच्या विहिरीची आणि झाडांची राखण त्याच्याकडं होती, तीच आता झेपत नव्हती. पण त्या शब्दामागं एक जुनी गोष्ट होती, ती त्यालाही बैठकीत बसल्यावर आठवली नव्हती, नंतर आठवली. बिभीषणचा बाप श्रीपती आणि तो, लहानपणीच्या मोठ्या दुष्काळात दोघं हात धरून ह्या माळावर आले होते. घरची माणसं वाटेतच सरली होती. मिशनच्या मडमेनं दोघांना एका ताटलीत पेज वाढली. तुम्ही पुढं कसले निघणार, कामाचे की बिनकामाचे, हे त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं.

मग तो कामाला लागला. रोज सकाळी काठी टेकत बिभीषणच्या दाराशी जायचा. बिभीषणची बायको चांगुणा दारातच भेटायची. ती चर्चला नेमानं यायची, मान खाली घालून मागच्या बाकावर बसायची. "उठवते, काका," म्हणायची आणि आत जायची. कधी बिभीषण उठून यायचा, कधी आतून नुसतं खोकल्याचं उत्तर यायचं.

आला की मात्र बघत राहावं. पस्तिशीचा गडी, खडक फोडण्यात पंचक्रोशीत त्याचा हात कुणी धरत नव्हतं. पण दोन दिवस आला की तिसऱ्या दिवशी नाही.

आणि वर्ष तर असं, की चांगल्या माणसानंही हाय खावी. मृग कोरडा गेला. आर्द्रात चार थेंब पडले, त्या भरवशावर पेरलं ते उगवून जळालं. पुढची नक्षत्रं एकामागं एक डोक्यावरून निघून गेली. दिवाळीला कडबा नव्हता. लोकांनी बैल सोडून दिले, काहींनी कसायाच्या दावणीला बांधले आणि दोन दिवस जेवले नाहीत. नळदुर्गच्या पलीकडं पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं. सगळा माळ, सगळं गाव खडी फोडायला तिकडं लोटलं. कालचा पाटील आणि कालचा सालगडी एका ओळीत बसून हातोडी मारू लागले. शांतवननं बिभीषणला तिथं नेऊन हजेरीला लावलं. त्यानं आठवडाभर दोन माणसांचं काम केलं आणि पगार झाला तसा तीन दिवस दिसला नाही.

एका गोष्टीनं शांतवन जास्त बेजार झाला. माघात सोसायटीची विहीर तळाला गेली. बाया आत उतरून वाटीवाटीनं पाणी भरायच्या, एका घागरीला तास लागायचा. अजून दोन पुरुष खोल खणत गेलं असतं तर झरा लागला असता. शांतवन बिभीषणकडं गेला.

"त्या हिरीत म्या उतरणार न्हाय," बिभीषण म्हणाला.

"कामून रं? तुजीबी लेकरं तेच पाणी पितेत."

"सांगितलं ना, न्हाय."

शेवटी पंचांनी बाहेरून गडी आणले. त्यांनी रडतखडत हातभर खडक काढला. शलमोन मास्तरांनी त्यांची मजुरी शांतवनच्या देखत हिशेबात मांडली. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

शिमग्याच्या सुमारास, भर दुपारी, शांतवन तलावाच्या कामावर गेला. आदल्या रविवारी बिभीषण येतो म्हणाला होता आणि आला नव्हता. बिभीषण खडीच्या ढिगाआड, डोक्यावर टॉवेल टाकून बसला होता. शुद्धीत होता.

"येतो म्हणला व्हतास," शांतवन म्हणाला.

"काका, बसा," बिभीषण म्हणाला. "रोज यायलाव तुमी. रोज एक टिकाव मारून जाताव. मला झाड समजून खणताव व्हय भोवतीनं?"

ती गोष्ट त्याच्या कानावर गेली होती तर. माळावर काही झाकून राहत नसे.

"तुज्याच भल्यासाठी..."

"माज्यासाठी न्हाय. पंचात शब्द टाकलाय, त्यो पडू न्हाई म्हणून यायलाव. झाडाला खणलं तर ते बोलत न्हाय, काका. माणसाला दुखतंय." त्यानं हातातला दगड खाली ठेवला. "महांतप्पा ठावं हाय का तुमाला?"

शांतवननं आठवून बघितलं. नाव कुठंतरी ऐकलेलं वाटत होतं.

"इसरलाव," बिभीषण म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून शांतवनला जास्त लागलं. "आळंदकडचा गडी, त्यापल्याड मलाबी काय ठावं न्हवतं. माज्यासंगं हिरी फोडायचा. आपली हीर, सोसायटीची, अडुसष्ट साली आमीच फोडली. वरचा दगड सुटला अन् त्याच्या डोक्यात बसला. म्या त्याला पाठीवर घिऊन वर आलो."

आता शांतवनला आठवलं. पंचनामा होईपर्यंत दुपार टळली होती. मेलेल्याचं घर कुठं, माणसं कोण, काही ठावठिकाणा नव्हता. शेजारचं गाव म्हणालं, जात माहीत नाही, आमच्यात कसा घ्यावा? तेव्हा बिभीषण पंचांपुढं आला होता, अंगावर रक्त तसंच. म्हणाला होता, आपल्या विहिरीत मेलाय, आपल्या कबरस्तानात ठेवू. तेव्हाच्या पाळकांनी नियम सांगितला. बाप्तिस्मा नाही, वहीत नाव नाही. कुंपणाच्या आत घेता येणार नाही. ज्यांना नियम मान्य, त्यांनी हात वर करा.

"साहाच्या साही हात वर गेले," बिभीषण म्हणाला. "बाकीच्यांचं मला काय न्हाय. फकस्त तुमचा बघितला. म्हणलं, बाच्या संगं आलेला माणूस हाय, ह्यो तरी हात खाली ठिवंल."

आजूबाजूला हातोड्या चालू होत्या.

"मग कुठं ठेवलास त्याला?"

"ओढ्याच्या काठाला. एकट्यानं खड्डा काढला. तवाधरनं म्या चर्चला येत न्हाय. आन् त्या हिरीचं पाणी म्या पीत न्हाय. चांगुणा लांबनं आणती एक घागर."

शांतवन उठला. घरापर्यंतची वाट त्याला आठवली नाही.

घरी तो ओसरीवर बसून राहिला. मग रूथबाईला विचारलं, "त्यो हिरीतला गडी मेला, त्या रोजी म्या घरी येऊन काय म्हणलो व्हतो?"

रूथबाईला सगळं लख्ख आठवत होतं. बायांना आठवतं. "म्या इचारलं, त्या बिचाऱ्याचं काय केलं? तुमी म्हणलाव, झालं काय ते, जेवाया वाढ. जेवलाव अन् निजलाव. लई दमलेले व्हताव."

तेच होतं. दुष्टपणा नव्हता, नियमाची कळकळही नव्हती. तो दमला होता. दिवसभर उन्हात उभा होता, बैठक लवकर उरकावी, घरी जाऊन पाठ टेकावी, एवढंच मनात होतं. म्हणून हात वर गेला. शांतवन त्यावर कितीतरी दिवस विचार करत राहिला. आपल्या हातून झालेल्या वाईटाला निदान काहीतरी मोठं कारण असावं असं माणसाला वाटतं. इथं तेही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो बिभीषणच्या दारी गेला नाही. लोकांनी म्हटलं, थकला म्हातारा, नाद सोडला.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्याचं शेवटचं ऊन अजून भाजत होतं, आभाळात अजून काही नव्हतं, तेव्हा वर्ष भरलं. पाळकसाहेब आले. ह्या वेळी बैठकीला अजून एक धार होती. मदतीची लाल ज्वारी, परदेशातून आलेली मिलो, मिशनमार्फत माळावर वाटली जायची, तीही वहीतल्या नावांप्रमाणं. पोती कमी येत होती. हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण प्रत्येकाला माहीत होतं की एक नाव गेलं तर बाकीच्यांच्या सुपात पसाभर जास्त पडणार.

"शांतवन," मास्तर म्हणाले, "वर्ष झालं. काय सांगता?"

"फळ आलं न्हाय, मास्तर."

मास्तरांनी मान हलवली, समाधानानं नव्हे, थकल्यासारखी. तेही थकलेच होते. "मग आता काही बोलायचं राहिलं नाही. गोष्टीतही माळ्यानं एकच वर्ष मागितलं होतं."

"व्हय. पर त्या गोष्टीत वरीस सरल्यावर काय झालं?" शांतवन म्हणाला. "तोडलं का झाड? म्या अडाणी माणूस, मला वाचाया येत न्हाय. तुमी बघा की."

मास्तर पाळकसाहेबांकडं बघू लागले. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं, बोटानं ओळ शोधली, खाली गेले, पान उलटलं, परत मागं आले.

"पुढं लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "पुढं दुसरीच हकिगत आहे."

मग शांतवन उभा राहिला. उभं राहायला त्याला खांद्याचा आधार लागला, तो शेजारच्या पंचानं दिला. त्यानं अडुसष्ट सालची हकिगत सांगितली. पाळकसाहेबांना ती ठाऊक नव्हती, बाकीच्यांना ठाऊक असून नव्हती. त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही. आपलंच घेतलं.

"माजा हात वर व्हता," तो म्हणाला. "कामून वर व्हता, तर मी दमलो व्हतो. आपण सगळे ज्या हिरीचं पाणी पितो, त्या हिरीनं त्याचा जीव घेतला, अन् आपण त्याला कुंपणाच्या भाईर ठिवलं. वरीसभर म्या बिभीषणला खणलं. खणताना मलाच दगड लागला. आता तुमाला काय करायचं ते करा. माजा हात आज वर व्हणार न्हाय."

नाव काढायचं का, मत घेतलं. तीन हात वर झाले, तीन खाली राहिले. मास्तरांचा हात वर होता, पण कोपरातून वाकलेला. सगळे पाळकसाहेबांकडं बघू लागले. त्यांनी घड्याळ बघितलं, साडेचारची एसटी होती. मग घड्याळ बघितल्याची त्यांना लाज वाटली असावी, कारण त्यांनी घड्याळाचा हात मांडीखाली घेतला.

"नाव राहू द्या," ते म्हणाले.

"किती दिवस?" मास्तरांनी विचारलं. "परत एक वर्ष?"

"मला माहीत नाही, मास्तर. खरंच माहीत नाही."

वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतवन तीन महिन्यांनी बिभीषणच्या दाराशी गेला. चांगुणा बाहेर आली आणि सवयीनं म्हणाली, "उठवते, काका." पण बिभीषण उठलेलाच होता, दात घासत होता. बैठकीचं त्याला कळलं होतं.

"तुमचा हात कुठं व्हता?" त्यानं विचारलं.

"खाली."

बिभीषणनं चूळ भरली. "आता काय, चर्चला चल म्हणून सांगाया आलाव?"

"न्हाय. महांतप्पाची जागा दाव मला."

बिभीषणनं तांब्या खाली ठेवला. मग खांद्यावर टॉवेल टाकून पुढं झाला. शांतवनच्या गुडघ्याचं बघून त्यानं चाल कमी केली, पण मागं वळून बघितलं नाही.

जागा लांब नव्हती. कबरस्तानाच्या कुंपणापासून चाळीस पावलं, ओढ्याच्या कोरड्या काठाला. जमिनीला नुसता उंचवटा होता, वर चार-पाच धोंडे.

"ढीग मोठा व्हता," बिभीषण म्हणाला. "खडी कामासाठी लोकं दगड उचलून नेतेत. म्या परत आणून टाकतो. परत नेतेत. त्यांना तरी काय ठावं, खाली माणूस हाय."

शांतवन खाली बसला. प्रार्थना करावी असं त्याला वाटलं, पण शब्द आले नाहीत, म्हणून त्यानं हातानं थोडी माती सारखी केली. मग दोघांनी ओढ्यातनं दगड गोळा केले. शांतवन लहान आणायचा, बिभीषण मोठे. ऊन चढलं तसे थांबले.

"दगड परत न्हेतील," शांतवन म्हणाला. "कुंपण पायजे."

"हितं कोण घालू देतंय कुंपण?"

"येगळं न्हाय. कबरस्तानाचंच हिकडं आणू. ह्या अंगाचं उचलायचं अन् ओढ्यापत्तोर घ्यायचं."

तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी दोघंच होते. जुनी बोराटी वाळून कडक झालेली, हात लावला की काटा आत मोडायचा. बिभीषण बेळक्यानं, दुफाट्या काठीनं, ओढायचा, शांतवन मागनं दाबत जायचा. कुंपण आता लांब झालं, म्हणून काटे कमी पडले. दुसऱ्या दिवशी रूथबाई आणि चांगुणा माळावरनं बोरीच्या फांद्या तोडून डोक्यावर घेऊन आल्या. सोबत मिलोच्या लाल भाकरी होत्या, जाड आणि कोरड्या. चौघांनी तिथंच बसून खाल्ल्या. घरांतली काही माणसं लांब उभी राहून बघून गेली. मदतीला कुणी आलं नाही, आडवंही कुणी आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी शलमोन मास्तर आले. छत्री उघडून, ओढ्याच्या कडेला उभे राहिले.

"शांतवन, ह्याला पंचांचा ठराव नाही."

"ठराव न्हाय, मास्तर," शांतवन म्हणाला. "बोराट्या हायत."

मास्तर अजून काही बोलतील असं वाटलं. त्यांनी दगडांच्या ढिगाकडं बघितलं, मग बिभीषणच्या रक्ताळलेल्या हातांकडं. "कोपऱ्यात फट राहिलीय," ते म्हणाले. "शेळ्या शिरतील." आणि छत्री सावरत गेले.

फट खरंच राहिली होती. बिभीषणनं ती बुजवली.

त्यानंतरच्या रविवारी बिभीषण चर्चला आला नाही. शांतवननं त्याला बोलावलंही नव्हतं. चांगुणा आली होती, नेहमीसारखी मागच्या बाकावर. पाळकसाहेबांचा रविवार नव्हता, म्हणून मास्तर पुढं उभे होते. पत्र्याखाली उकडत होतं. गीत झालं, मास्तर बोलू लागले, आणि तिसऱ्या बाकावर शांतवनची मान हळूहळू छातीवर आली. काट्यांनी ओरबाडलेले त्याचे हात मांडीवर उताणे पडले होते. तीन दिवसांचा शिणवटा होता, की वर्षाचा, की त्याआधीचा, कोण सांगणार.

रूथबाईनं त्याला कोपरानं ढोसायला हात उचलला. समोर मास्तर एक क्षण थांबले, तिच्याकडं बघून त्यांनी ‘नको’ अशी मान हलवली, आणि पुढचं सगळं ते खालच्या आवाजात बोलले.